शेळ्यांची आंतरराज्य वाहतूक : आरोग्य प्रमाणपत्रापासून विलगीकरणापर्यंत

राजस्थानातील सिरोही, पंजाबातील बीटल, उत्तर प्रदेशातील जमुनापारी व बारबरी आणि महाराष्ट्रातील उस्मानाबादी या शेळ्यांना त्यांच्या मूळ क्षेत्राबाहेरही मोठी मागणी आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानांतर्गत १०० शेळ्या व ५ बोकड ते ५०० शेळ्या व २५ बोकड अशा प्रकल्पांना ५० टक्के भांडवली अनुदान मिळू लागल्यापासून परराज्यातून एकाच वेळी मोठ्या संख्येने शेळ्या आणणाऱ्या पशुपालकांची संख्या वाढली आहे. अशा अनेक प्रकल्पांत पहिले मोठे नुकसान शेळ्या आल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातच होते. ताप, नाकातून स्राव, हगवण, न्यूमोनिया आणि त्यापाठोपाठ मरतूक सुरू होते. ‘आरोग्य प्रमाणपत्र तर सोबत होते, मग असे का झाले?’ हा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांना वारंवार विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर नियमांच्या रचनेतच आहे. प्रमाणपत्र हा रोगप्रतिबंधाच्या साखळीतील केवळ एक दुवा आहे. लसीकरण, ओळख, तपासणी, वाहन आणि विलगीकरण असे पाच दुवे मिळून ही साखळी पूर्ण होते. पहिल्या चार दुव्यांवर शासकीय यंत्रणा कमी-अधिक प्रमाणात लक्ष ठेवते. पाचवा दुवा, म्हणजे नव्या शेळ्यांना आपल्या कळपापासून वेगळे ठेवणे, हा जवळजवळ पूर्णपणे पशुपालकाच्या हाती असतो आणि नेमका तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो.

प्रमाणपत्र काय सांगते आणि काय सांगत नाही

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० अन्वये केलेल्या प्राण्यांची वाहतूक नियम, १९७८ मध्ये शेळ्या-मेंढ्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. सहा तासांपेक्षा अधिक कालावधीच्या रेल्वे अथवा रस्ता प्रवासास ते लागू होते. त्यानुसार प्रत्येक खेपेसोबत पात्र पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. प्राणी प्रवासास योग्य आहेत आणि त्यांना कोणताही संक्रामक, सांसर्गिक वा परोपजीवीजन्य रोग नाही, असे त्यात नमूद करावे लागते. प्रमाणपत्र नसल्यास वाहतूकदाराने माल स्वीकारू नये, असेही नियमात स्पष्ट केले आहे.

नियमांसोबतच्या नमुन्यात जनावरांची संख्या, लिंग, वय, जात, ओळखचिन्हे, लसीचा प्रकार आणि लसीकरणाची तारीख यांच्या नोंदी अपेक्षित आहेत. प्रस्थानापूर्वी १२ तासांच्या आत तपासणी केल्याचे पशुवैद्यकाने प्रमाणित करावयाचे असते. त्यामुळे आठवडाभर आधी तयार करून ठेवलेला किंवा जनावरे प्रत्यक्ष न पाहता दिलेला कागद नियमाचा उद्देश पूर्ण करीत नाही. तसेच भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार कायद्याने आवश्यक असलेल्या पशुवैद्यकीय प्रमाणपत्रावर केवळ नोंदणीकृत पशुवैद्यकालाच स्वाक्षरी करता येते. पर्यवेक्षक, लसटोचक किंवा खाजगी सेवा देणारा अप्रशिक्षित कार्यकर्ता यांच्या स्वाक्षरीचे प्रमाणपत्र ग्राह्य धरता येत नाही.

आता या प्रमाणपत्राची मर्यादा पाहू. तपासणीच्या वेळी जनावरांत रोगाची लक्षणे दिसत नाहीत, एवढेच पशुवैद्यक प्रमाणित करू शकतो. शरीरात शिरलेला, परंतु अद्याप लक्षणे न दाखविणारा विषाणू केवळ बाह्य तपासणीत सापडत नाही.

पीपीआर रोगाचे उदाहरण

शेळ्या-मेंढ्यांतील पीपीआर या विषाणुजन्य रोगाच्या उदाहरणावरून ही बाब स्पष्ट होईल. भारतात या रोगाची प्रथम नोंद १९८७ मध्ये तमिळनाडूत झाली. त्याचा विषाणू बुळकांडीच्या विषाणूचा निकटचा संबंधी आहे. बाधित जनावराच्या डोळ्यांतील व नाकातील स्राव, लाळ आणि विष्ठा यांतून तो बाहेर पडतो आणि निकट सान्निध्यात श्वासावाटे इतर जनावरांपर्यंत पोहोचतो. बहुधा संसर्गानंतर चार ते सहा दिवसांत ताप येतो. काही वेळा हा कालावधी दोन आठवड्यांपर्यंत लांबतो.

समजा, एका पशुपालकाने रविवारी राजस्थानातील बाजारातून ५० शेळ्या खरेदी केल्या. बाजारात त्यांतील दोन शेळ्या बाधित जनावराच्या संपर्कात आल्या. सोमवारी पशुवैद्यकाने सर्व शेळ्या तपासल्या. त्यांचे तापमान सामान्य होते, नाक-डोळे स्वच्छ होते, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले आणि त्यात काहीही गैर नव्हते. बुधवारी ट्रक गुजरातमार्गे महाराष्ट्रातील गावी पोहोचला. शुक्रवारी किंवा शनिवारी त्या दोन शेळ्यांना ताप आला. तोपर्यंत प्रवासातील दाटीमुळे शेजारच्या शेळ्या त्यांच्या निकट राहिल्या होत्या. बुधवारीच नव्या शेळ्या जुन्या कळपात सोडल्या असतील, तर पुढच्या आठवड्याच्या मध्यापर्यंत घरच्या शेळ्याही आजारी दिसू लागतात.

या घटनाक्रमात कोणीही नियमभंग केलेला नाही, तरीही रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पोहोचला. बुधवारी नव्या शेळ्या स्वतंत्र ठेवल्या असत्या, तर नुकसान त्या खेपेपुरते मर्यादित राहिले असते.

इतर रोगांचे स्वरूपही ध्यानात घ्यावे लागते. शेळ्या-मेंढ्यांतील देवी रोगाचा विषाणू खपल्यांमध्ये कित्येक महिने टिकतो, त्यामुळे न धुतलेले वाहनदेखील धोकादायक ठरते. लाळ्या खुरकूत शेळ्यांत सौम्य असल्याने नजरेतून सुटतो, परंतु त्यांच्यापासून गाई-म्हशींना त्याची लागण होऊ शकते. सांसर्गिक गर्भपाताची बाधा असलेली शेळी बाहेरून निरोगी दिसते. तिच्यापासून माणसालाही हा रोग होतो. म्हणून पैदाशीसाठी आणावयाच्या शेळ्या व बोकड यांची रक्तचाचणी खरेदीपूर्वीच करून घेणे हितावह आहे.

लसीकरण : वेळेला महत्त्व

पीपीआरवर देशात प्रभावी लस उपलब्ध आहे. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने सुंगरी-९६ या देशी विषाणू प्रकारापासून विकसित केलेली लस मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. ती तीन महिन्यांवरील जनावरांना त्वचेखाली दिली जाते आणि किमान तीन वर्षे संरक्षण देते. मात्र हे संरक्षण निर्माण होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. ट्रकमध्ये चढविण्याच्या दिवशी टोचलेली लस प्रमाणपत्रावरील रकाना भरते, परंतु त्या प्रवासात जनावराचे रक्षण करीत नाही. म्हणून प्रस्थानापूर्वी किमान २१ दिवस आधी लसीकरण झालेल्या शेळ्यांचीच निवड करावी.

बाजारातून खरेदी करताना ही खात्री नेहमी मिळत नाही. अशा वेळी एक उपाय पूर्णपणे पशुपालकाच्या हाती असतो. नवीन शेळ्या येण्यापूर्वी किमान तीन आठवडे आधी स्वतःच्या कळपाचे लसीकरण पूर्ण करावे. विक्रेत्याची नोंद चुकीची निघाली तरी घरचा कळप सुरक्षित राहतो. विस्तार कार्यकर्त्यांनी हा सल्ला खरेदीची चर्चा सुरू होताच द्यावा. शेळ्या आल्यानंतर तो देण्याचा उपयोग मर्यादित असतो.

कानातील बिल्ला आणि नोंद

१२ अंकी क्रमांकाचा कानातील बिल्ला ही जनावराची ओळख असून त्याची नोंद ‘भारत पशुधन’ या संगणकीय प्रणालीवर असते. लसीकरणाच्या नोंदी याच क्रमांकाशी जोडल्या जातात. महाराष्ट्र शासनाने १ जून २०२४ पासून असा बिल्ला नसलेल्या पशुधनाच्या बाजारातील खरेदी-विक्रीस मनाई केली आहे. परराज्यातून येणाऱ्या जनावरांच्या नोंदीची पडताळणी करण्याची तरतूदही त्यात आहे.

बिल्ला क्रमांकाविना ‘सिरोही शेळ्या, ५० नग’ एवढीच नोंद असलेले प्रमाणपत्र कोणत्याही ५० शेळ्यांसाठी वापरले जाऊ शकते. म्हणून प्रमाणपत्रासोबत सर्व क्रमांकांची यादी जोडावी आणि वाहनात चढविताना प्रत्येक शेळीचा बिल्ला त्या यादीशी ताडून पाहावा. मालकी हस्तांतरणाची नोंदही खरेदीनंतर लगेच करून घ्यावी. पुढे रोग उद्भवल्यास खेप कोठून आली आणि त्याच बाजारातील इतर शेळ्या कोठे गेल्या, याचा माग काढणे त्यामुळेच शक्य होते.

नियंत्रित क्षेत्राची चौकशी

प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगास प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ नुसार राज्य शासन एखाद्या रोगासाठी व विशिष्ट प्रजातीसाठी ठरावीक क्षेत्र ‘नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित करू शकते. अशा क्षेत्रातून जनावरांची ने-आण, बाजार, जत्रा व प्रदर्शने यांवर निर्बंध येतात. तपासणी नाके व विलगीकरण तळ उभारण्याचे, तसेच वाहतुकीतील जनावरे थांबवून तपासण्याचे अधिकारही शासनास आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगामुळे महाराष्ट्राने संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र घोषित केले होते, तेव्हा गोवंशीय जनावरांची वाहतूक व बाजार यांवर निर्बंध आले होते.

अशी अधिसूचना अचानक निघू शकते. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वी तीन ठिकाणी चौकशी करावी : जेथून शेळ्या आणावयाच्या त्या जिल्ह्याचा पशुसंवर्धन विभाग, स्वतःच्या जिल्ह्याचा पशुसंवर्धन विभाग आणि वाटेतील राज्याचे नियम. प्रत्येक राज्याच्या अटी सारख्याच असतील असे गृहीत धरू नये. गाई-बैलांच्या वाहतुकीबाबत तर अनेक राज्यांत स्वतंत्र कायदे आहेत. आरोग्य प्रमाणपत्र त्या कायद्यांखालील परवान्याची जागा घेत नाही. बेंगळुरू येथील राष्ट्रीय पशुरोग जानपदिक व रोग माहिती संस्थेकडून जिल्हानिहाय रोगांची पूर्वसूचना प्रसिद्ध होते. खरेदीचा जिल्हा आणि महिना ठरविताना तिचा आधार घ्यावा.

वाहन : जागा, स्वच्छता आणि सोबती

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार जनावरे वाहून नेणाऱ्या वाहनात कायमस्वरूपी कप्पे असावेत आणि प्रत्येक शेळी वा मेंढीला किमान ०.३ चौरस मीटर जागा मिळावी. १४ फूट लांब व ६ फूट रुंद हौद्याचे क्षेत्रफळ सुमारे ७.८ चौरस मीटर होते. म्हणजे त्यात २६ शेळ्या बसतात. १९७८ च्या नियमांत साडेचार ते पाच टन क्षमतेच्या वाहनासाठी ४० शेळ्या-मेंढ्यांची कमाल मर्यादा दिली आहे. दोन्ही हिशेबांत जी संख्या कमी येईल ती पाळावी.

भाडे वाचविण्यासाठी २६ शेळ्यांच्या जागेत ५० शेळ्या भरल्या जातात, तेव्हा दाटीमुळे श्वासावाटे संसर्ग वाढतो, खाली बसलेली शेळी तुडवली जाते आणि ताणामुळे प्रतिकारशक्ती घटून न्यूमोनिया उद्भवतो. दगावलेल्या चार-पाच शेळ्यांची किंमत बहुधा वाचविलेल्या भाड्याहून अधिक असते.

नर व मादी वेगळे ठेवावेत. सहा आठवड्यांखालील करडे आणि त्यांच्या माता यांच्यासाठी स्वतंत्र कप्पा करावा. पाय बांधून वाहतूक करू नये. तळाशी गवताचा पुरेसा थर द्यावा. सोबत प्रथमोपचार साहित्य, चारा व पाणी घ्यावे. गाभण काळाच्या शेवटच्या महिन्यातील, नुकत्याच व्यालेल्या आणि अशक्त शेळ्या प्रवासासाठी निवडू नयेत. वाहतुकीपूर्वी व नंतर वाहन स्वच्छ करून निर्जंतुक करण्याची जबाबदारी २००९ च्या अधिनियमाने वाहतूकदारावर टाकली आहे. लेंड्या व मूत्राचा थर असताना जंतुनाशकाचा परिणाम होत नाही, म्हणून आधी खरवडून व धुऊन घ्यावे आणि मगच फवारणी करावी. ही खबरदारी शेळ्या चढविण्यापूर्वी पशुपालकाने स्वतः पाहून घ्यावी.

विलगीकरण : ३० दिवसांचा शिस्तबद्ध कार्यक्रम

पीपीआरसाठी आंतरराष्ट्रीय मानकांत २१ दिवसांचा उबवण काळ गृहीत धरला जातो. इतर रोगांचा व प्रवासाच्या ताणाचा विचार करता ३० दिवसांचे विलगीकरण व्यवहार्य ठरते. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. मुख्य गोठ्यापासून दूर, वाऱ्याच्या उलट दिशेला बांबू व जाळीचा तात्पुरता निवाराही पुरेसा होतो. मात्र पुढील शिस्त काटेकोरपणे पाळावी.

• पहिल्या दिवशी स्वच्छ पाणी, क्षारमिश्रित पाणी व सुका चारा द्यावा. खुराक लगेच देऊ नये. आहारातील अचानक बदलामुळे अपचन व आंत्रविषाराचा धोका असतो. नवा चारा व खुराक आठवडाभरात हळूहळू वाढवावा.
• पहिले १४ दिवस रोज सकाळी प्रत्येक शेळीचे तापमान घ्यावे. निरोगी शेळीचे तापमान साधारणपणे १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहाइट असते. १०४ अंशांपेक्षा अधिक तापमान आढळल्यास त्या शेळीला इतरांपासून बाजूला करून पशुवैद्यकास कळवावे. पीपीआरमध्ये स्राव व हगवण यांच्या आधी ताप येतो, त्यामुळे साध्या तापमापकाने रोग एक-दोन दिवस लवकर लक्षात येतो.
• भांडी, दोर, झाडू व पादत्राणे स्वतंत्र ठेवावीत. एकच मजूर असल्यास त्याने आधी घरच्या कळपाचे काम उरकावे आणि नव्या शेळ्यांकडे शेवटी जावे. त्यानंतर त्याच दिवशी पुन्हा मुख्य गोठ्यात जाऊ नये.
• या काळात त्याच निवाऱ्यात आणखी शेळ्या आणल्यास ३० दिवसांची गणना पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावी.
• लेंड्यांची तपासणी, जंतनाशन व गोचीड निर्मूलन पशुवैद्यकाच्या सल्ल्याने याच काळात करावे. राहिलेल्या लसी शेळ्या प्रवासाच्या ताणातून सावरल्यावर द्याव्यात.
• बाजारात नेऊन विक्री न झालेली घरची शेळीदेखील परतल्यावर नवीन समजावी. बकरी ईदपूर्वी देवनारसारख्या मोठ्या बाजारांत अनेक राज्यांतील बोकड एकत्र येतात. तेथून परत आणलेल्या बोकडांबाबत ही दक्षता विशेष आवश्यक आहे.

रोगाची शंका आल्यास

आजारी शेळ्या घाईने विकून टाकण्याकडे काही पशुपालकांचा कल असतो. संक्रामक रोगाने बाधित असल्याचे ठाऊक असलेले जनावर बाजारात आणण्यास २००९ च्या अधिनियमाने मनाई आहे. शिवाय या मार्गाने रोग गावोगावी पसरतो आणि पुढच्या खरेदीत तोच पुन्हा आपल्या दारी येतो. अनुसूचित रोगाची शंका येताच ग्रामपंचायतीस किंवा नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणे हे मालकाचे कर्तव्य आहे. डोळ्यांतील व नाकातील स्राव तसेच रक्ताचे नमुने औषधोपचारापूर्वी घेऊन बर्फावर प्रयोगशाळेकडे पाठवावेत. मृत जनावर उघड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावे.

भटक्या कळपांबाबत

आंतरराज्य ने-आण केवळ ट्रकनेच होत नाही. राजस्थानातील रायका आणि दख्खनच्या पठारावरील धनगर मेंढपाळ ऋतूनुसार दूरवर स्थलांतर करतात. पायी वाहतुकीसाठी २००१ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले असून पाच किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतराच्या पायी वाहतुकीस ते लागू होतात. नुकतीच व्यालेली, म्हणजे व्याल्यानंतर ७२ तास न झालेली, तसेच आजारी, लंगडी वा थकलेली जनावरे चालवत नेण्यास त्यांत मनाई आहे. या मेंढपाळांकडे रोग आणणारे म्हणून न पाहता, त्यांचे कळप मुक्काम हलविण्यापूर्वी लसीकृत होतील असे नियोजन विस्तार कार्यकर्त्यांनी करावे. कळप वाटेवर असताना लसीकरण करणे कठीण असते. स्थलांतरापूर्वी तीन-चार आठवडे सर्व कळप मूळ गावाच्या परिसरात असतात, ती वेळ साधावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी वेळापत्रक

परराज्यातून शेळ्या आणू इच्छिणाऱ्या पशुपालकासोबत पुढीलप्रमाणे नियोजन करावे.

• प्रस्थानापूर्वी ६ आठवडे : खरेदीचा जिल्हा निश्चित करणे, तेथील रोगस्थिती व दोन्ही राज्यांच्या अटींची चौकशी.
• ४ आठवडे : घरच्या कळपाचे लसीकरण. विक्रेत्याकडील शेळ्यांचे बिल्ले, लसीकरण व रक्तचाचणी.
• १ आठवडा : विलगीकरणाचा निवारा, चारा, तापमापक व नोंदवही तयार ठेवणे. वाहन निश्चित करणे.
• प्रस्थानाचा दिवस : १२ तासांच्या आत पशुवैद्यकीय तपासणी, बिल्ला क्रमांकांसह प्रमाणपत्र, खरेदी पावती, धुतलेले वाहन.
• आगमनानंतर ३० दिवस : विलगीकरण, तापमानाच्या नोंदी, जंतनाशन, राहिलेले लसीकरण.

२०११ मध्ये जगातून बुळकांडीचे उच्चाटन जाहीर झाले. या यशात लसीइतकाच जनावरांच्या ने-आणीवरील नियंत्रणाचा आणि रोग त्वरित कळविण्याच्या शिस्तीचा वाटा होता. पीपीआरचे २०३० पर्यंत जागतिक उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे आणि त्यासाठीही हीच शिस्त लागणार आहे. पशुपालकांनी शेळ्या आणण्यापूर्वी आपल्या तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याशी संपर्क साधावा आणि खरेदीच्या अंदाजपत्रकात ३० दिवसांच्या विलगीकरणाचा खर्च सुरुवातीलाच धरावा.